भाड्याच्या घरातली दुरुस्ती : एजंट दाद देत नसेल तर काय करावे?

मुठाकाठ (२१ जुलै)

आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि माझी आई, गेल्या १ नोव्हेंबरपासून कर्वेनगरमधल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. करार नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा आणि रीतसर नोंदवलेला आहे. भाडे २४,००० रुपये, अनामत ७५,००० रुपये, आणि दलाली म्हणून एजंटाला एका महिन्याचे भाडे दिले. घरमालक बंगळूरला असतात. त्यांचा अंगठा तिकडे घेतला गेला आणि आमचा इथे, त्यामुळे आम्ही त्यांना आजवर पाहिलेलेही नाही. "काहीही लागले तर मला फोन करा, मालकांना त्रास देऊ नका," असे एजंटाने चावी हातात देताना बजावले होते आणि ते आम्ही आजवर पाळले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकते आहे. न्हाणीघराला लागून असलेली आईच्या खोलीची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत ओली झाली असून रंगाचे पोपडे निघून खाली काळी बुरशी दिसू लागली आहे. आईला दम्याचा त्रास आहे, म्हणून तिची गादी आम्ही बाहेरच्या खोलीत हलवली. त्यातच पंधरा दिवसांपासून गीझर लावला की घरातली वीज जाते. एजंटाने पहिल्या दोन फोनना "उद्या माणूस पाठवतो" असे उत्तर दिले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. संदेश वाचल्याच्या खुणा दिसतात, उत्तर मात्र तीन आठवड्यांत आलेले नाही.

दुरुस्ती मी स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो का? एजंटाला ओलांडून थेट मालकांना गाठणे योग्य ठरेल का? आणि तसे केल्यास ऑक्टोबरमध्ये करार वाढवून मिळणार नाही, ही भीती कितपत खरी आहे? मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून हे घर सोडायचे नाही.

सायंतारा (२१ जुलै)

बाकी सगळे नंतर पाहा, आधी गीझरचा स्विच बंद करून त्याचा एमसीबी, म्हणजे वीजफलकावरचा खटकाही खाली पाडून ठेवा. गीझर लावल्यावर वीज जाते याचा अर्थ बहुधा कॉइल फुटून विद्युतप्रवाह पाण्यात किंवा टाकीच्या पत्र्यात उतरतो आहे आणि तुमचा ईएलसीबी (अशी वीजगळती होताच पुरवठा तोडणारा खटका) तो तोडून तुम्हाला वाचवतो आहे. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. छतातले पाणी दिव्याच्या बटणाजवळ येत असेल तर तो दिवाही वापरू नका.

अनामत_गेली (२१ जुलै)

माझे मत स्पष्ट आहे : पुढच्या महिन्याचे भाडे थांबवा. वाकडला राहत असताना स्वयंपाकघरातल्या सिंकखालची गळती दुरुस्त व्हावी म्हणून मी दोन महिने विनवण्या केल्या. भाडे थांबवले त्याच आठवड्यात एजंटाचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर दारात उभा होता. पुढे घर सोडताना "रंगकाम आणि साफसफाई" या नावाखाली माझ्या ६०,००० रुपयांच्या अनामतीतले २२,००० रुपये कापून घेतले, त्याचे एकही बिल दाखवले नाही. ज्यांच्याकडे आपले पैसे अडकलेले असतात, त्यांच्याशी बोलताना आपल्याही हातात काहीतरी असावे लागते आणि भाडेकरूच्या हातात भाड्याखेरीज दुसरे काहीही नसते.

तळजाई_पायथा (२२ जुलै)

अनामत_गेली, तुमचा संताप मला समजतो, पण तुमच्याच अनुभवात याचे उत्तर आहे. तुम्ही दोन महिन्यांची गळती थांबवलीत आणि बावीस हजार गमावलेत. भाडे थांबवले की आजवर ज्याची बाजू खरी होती, तोच करार मोडणारा ठरतो. मुठाकाठ यांना तर तिथेच राहायचे आहे. भाडे ठरलेल्या तारखेला, बँकेतूनच, एक दिवसही न चुकवता भरत राहावे आणि तक्रार मात्र सोडू नये, असे मी म्हणेन.

जुना_स्थापत्य (२२ जुलै)

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. चौतीस वर्षे इमारतींवरच काम केले आणि आता निवृत्त आहे. दुरुस्ती कोणी करायची हे ठरवण्याआधी पाणी कुठून येते हे ठरवावे लागते, कारण पुढची सगळी जबाबदारी त्यावरच अवलंबून असते. यासाठी सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही, चार दिवसांचे निरीक्षण पुरते.

पाणी चोवीस तास सारख्याच वेगाने ठिबकत असेल तर वरच्या घरातली भिंतीत गाडलेली पाणीपुरवठ्याची नळी फुटली असण्याचा संभव मोठा, कारण तिच्यात सतत दाब असतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ठिबकणे वाढत असेल आणि दुपारी थांबत असेल, तर वरच्यांचे सांडपाणी गळते आहे, म्हणजे नहाणी ट्रॅपचा (न्हाणीघराच्या फरशीतून सांडपाणी नळीत उतरते त्या जाळीखालच्या भागाचा) सांधा किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. पाऊस पडल्यावरच ओल वाढत असेल आणि उघडीप मिळाली की कमी होत असेल, तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधली (इमारतीच्या नळ्या जातात त्या उभ्या पोकळीतली) नळी तपासावी. वेळ आणि वाराची नोंद वहीत ठेवा.

नंतर वरच्या घरातल्या लोकांना विनंती करून त्यांच्या नहाणी ट्रॅपचे तोंड कापड आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून न्हाणीघरात दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवावे. पाण्यात थोडा रंग टाकला तर शंकेला जागा उरत नाही. साठवलेले पाणी खाली उतरले तर दोष फरशीत आहे. ते उतरले नाही, पण बोळा काढून पाणी सोडताच ठिबकू लागले, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या खालच्या नळीत आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. भिंत ओली असताना तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवू देऊ नका. एजंट नावाची माणसे गळती तशीच ठेवून आधी रंगारी पाठवतात. महिन्याभरात ओल पुन्हा वर येते आणि तोवर "आम्ही काम करून दिले आहे" असे म्हणायला ते मोकळे झालेले असतात.

मुठाकाठ (२२ जुलै)

सायंतारा, एमसीबी पाडून ठेवला आहे. अंघोळीचे पाणी आता गॅसवर तापवतो. जुना_स्थापत्य काका, तुमचे वाचून आज सकाळपासून मुलीने वही घेतली आहे. साडेसात ते नऊपर्यंत मिनिटाला तीसेक थेंब पडले आणि दुपारी दोननंतर एकही नाही. वरच्या मजल्यावरही भाडेकरूच आहेत आणि ते सज्जन आहेत.

पेठकरीण (२३ जुलै)

विषयापासून थोडी दूर जाते आहे, पण दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याचा प्रश्न निघाला म्हणून लिहिते.

माझे सासर नारायण पेठेतल्या एका वाड्यात होते. आम्ही आठ बिऱ्हाडे पागडीच्या काळापासूनची आणि आमचे भाडे महिना १८० रुपये. दर मृग नक्षत्राला कौलांतून पाणी यायचे आणि मालक म्हणायचे, "एवढ्या भाड्यात कौले कुठून बदलू?" आमच्यातल्या एका शिक्षकांनी कायद्याचे पुस्तक आणून वाचून दाखवले की, मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूंना ती करून खर्च वळता करता येतो, परंतु वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आमचे वर्षाचे भाडे २,१६० रुपये, म्हणजे प्रत्येकी ५४० रुपये. आठ बिऱ्हाडांचे मिळून ४,३२० रुपये. तेवढ्यात कौले शाकारणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नव्हती. शेवटी आम्ही वर्गणी काढली, बोहरी आळीतून खिळे, पत्र्याच्या पन्हळी आणि ताडपत्री आणली आणि सुतार लावून छप्पर सावरले. मालकांविषयी आज माझ्या मनात राग नाही, कारण त्या भाड्यात त्यांनाही परवडणारे नव्हते. पुढे महापालिकेने पावसाळ्याआधी धोकादायक वाड्याची नोटीस लावली आणि आमची बिऱ्हाडे पांगली.

सांगायचे एवढेच की, हक्क कागदावर असतो तेव्हा त्याची मापेही कागदावरच असतात आणि ती आधी तपासून घ्यावीत.

दिवाणी_बाजू (२३ जुलै)

मी पुण्यात दिवाणी वकिली करते. पेठकरीण ताईंनी सांगितलेली तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मधली आहे. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस दिल्यावरही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर तो स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, आणि त्याची वार्षिक मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश आहे. हिशेब आणि पावत्या जपून ठेवणे यात सर्वांत महत्त्वाचे असते.

मात्र मुठाकाठ यांनी ही तरतूद आपल्याला जशीच्या तशी लागू आहे असे गृहीत धरू नये. त्यांचा करार भाडेपट्ट्याचा नसून लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे परवान्याचा आहे. व्यवहारात आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने ते परवानाधारक आहेत आणि कलम १४ मधील हक्क भाडेकरूला दिलेला आहे. परवानाधारकाचा मुख्य आधार म्हणजे त्याच्या करारातली कलमे. बहुतेक करारांत असे एक वाक्य असते की जागा आहे त्या स्थितीत राखणे आणि आपल्याकडून झालेले नुकसान भरून देणे हे परवानाधारकाचे काम आहे, परंतु सर्वसाधारण वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. वरच्या मजल्यावरून येणारे पाणी हे त्यांच्याकडून झालेले नुकसान नव्हे, हे उघड आहे. तरीही लेखी संमतीशिवाय त्यांनी भाड्यातून एक रुपयाही कापू नये. आणि मुदत संपल्यावर "दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही" अशी भूमिका कोणी घेऊ नये, कारण याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर जागेचा ताबा न देणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

आता एजंटाला ओलांडण्याविषयी. करारावर मालकाची सही आहे, एजंटाची नाही. मालकाचे नाव आणि पत्ता तुमच्या नोंदणीकृत कराराच्या पहिल्याच पानावर आहे. त्या पत्त्यावर लिहिणे हा उद्धटपणा नाही; करारातल्या दुसऱ्या पक्षाशी बोलण्याचा तो सरळ मार्ग आहे.

अनामत_गेली (२३ जुलै)

वकीलताई, म्हणजे नोंदणी, मुद्रांक शुल्क, पोलीस पडताळणी हे सगळे करूनही आमच्या हाती काहीच नाही, असाच याचा अर्थ झाला ना? मग एजंटाविरुद्ध तरी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे जाता येते का?

दिवाणी_बाजू (२३ जुलै)

हाती पुष्कळ आहे. मूळ करार नोंदवलेला नसता तर नुकसान मालकाचे होते, कारण कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी त्याची आहे आणि लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरवले जाईपर्यंत, ग्राह्य मानले जाते. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सांडपाण्याची सोय यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडून त्रास देण्यावरही याच कायद्यात बंदी आहे.

महारेराचा मार्ग इथे उपयोगाचा नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातला एजंट हा प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणारा असतो. भाड्याची दलाली त्या चौकटीत येत नाही. एजंटाने दलालीच्या बदल्यात पुढची देखभाल पाहण्याचे लेखी आश्वासन दिले असेल तर सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगापुढे म्हणणे मांडता येते आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तोंडी आश्वासनावर मात्र फार भिस्त ठेवू नये.

चावीवाला (२४ जुलै)

मी स्वतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात एजंट म्हणून काम करतो. मुठाकाठ यांच्या एजंटाने फोन न उचलणे चुकीचे आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु दुसरी बाजूही समजून घ्यावी.

आमची दलाली घर दाखवणे, बोलणी जुळवणे आणि करार होणे एवढ्याचीच असते. चावी दिली की ते काम संपते. पुढे प्लंबर आणायचा तर पैसे मालकाने द्यायचे असतात आणि अनेक मालक एजंटाचेही फोन उचलत नाहीत, किंवा "तुम्हीच बघून घ्या" म्हणतात आणि बिल पाठवले की तीन महिने गप्प राहतात. मी दोनदा स्वतःच्या खिशातून पैसे घालून अडकलो आहे. काही एजंट मात्र मालकाकडून दरमहा ठरावीक रक्कम घेऊन घराची देखभाल सांभाळतात. त्यांच्यावर जबाबदारी निश्चितच असते. म्हणून घर घेताना सरळ विचारावे की, "आपण मालकांकडून देखभालीचे काम घेतले आहे का, आणि किती रुपयांपर्यंतचा निर्णय आपण स्वतः घेऊ शकता?" जो शंभर रुपयांचा वॉशरही मालकाला विचारल्याशिवाय आणू शकत नाही, त्याने "मालकांना त्रास देऊ नका" असे सांगण्यात काही अर्थ नाही.

तळजाई_पायथा (२४ जुलै)

चावीवाला, इतके मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. मालकांचा क्रमांक भाडेकरूंना न देण्याचे कारण अनेकदा पुढच्या वर्षीची दलाली सुटू नये हे असते, हेही आपण मान्य कराल अशी आशा आहे.

चावीवाला (२४ जुलै)

होय, मान्य आहे.

परगावचा_मालक (२५ जुलै)

हा धागा वाचून राहवले नाही. माझी औंधमध्ये एक सदनिका आहे आणि मी बारा वर्षे मस्कतला नोकरी करतो. घराची सगळी व्यवस्था एका एजंटावर सोपवली होती. दर पावसाळ्यानंतर तो मला गच्चीलगतच्या भिंतीच्या दुरुस्तीचे बिल पाठवायचा आणि मी पैसे पाठवायचो. तीन वर्षांत मिळून ४१,००० रुपये पाठवले. चौथ्या वर्षी भाडेकरू दांपत्याने करारातल्या पत्त्यावर, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी, एक पत्र पाठवले. त्या पत्रात शयनगृहाच्या भिंतीचे फोटो होते. तिथे कधीही कोणी गवंडी फिरकला नव्हता आणि ते दोघे तान्ह्या बाळाला घेऊन त्याच खोलीत दोन पावसाळे राहिले होते. मी दुर्लक्ष करणारा मालक आहे असे त्यांना वाटत होते आणि माझ्या दृष्टीने ते कधीही तक्रार न करणारे समाधानी भाडेकरू होते.

मला आजही त्या गोष्टीची खंत वाटते. म्हणून मुठाकाठ यांना सांगतो, तुमच्या मालकांना काहीच माहीत नाही असे धरून लिहा. आरोप न करता, तारखांसह आणि फोटोंसह लिहा. एजंटाचे मौन म्हणजे मालकांचा नकार नव्हे.

सायंतारा (२५ जुलै)

परगावचा_मालक, तुमचा प्रतिसाद मी आमच्या घरमालकांना वाचून दाखवला. त्यांनी लगेच त्यांचा स्वतःचा क्रमांक आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

वसतिगृह_ते_फ्लॅट (२५ जुलै)

आम्ही चार विद्यार्थिनी कोथरूडला राहतो. मागच्या घराची अनामत परत घेताना "फरशी तुम्हीच फोडली" असा दावा झाला होता आणि ती फरशी आम्ही येण्यापूर्वीच फुटलेली आहे हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हते. या घरात पाऊल ठेवल्या दिवशी आम्ही प्रत्येक भिंत, नळ, फ्लशची टाकी आणि खिडकीची सरकती काच यांचे चित्रीकरण केले आणि त्याच रात्री ते एजंट आणि मालकीणबाई दोघांनाही पाठवून "मिळाले" एवढे उत्तर मागून घेतले. यंदा फ्लशची टाकी गळू लागली तेव्हा मालकीणबाईंनी आधी तेच चित्रीकरण पाहिले आणि वाद न घालता प्लंबरचे पैसे दिले.

मुठाकाठ (२६ जुलै)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री करार काढून पाहिला. मालकांचा पत्ता पहिल्याच पानावर होता आणि नऊ महिन्यांत तो वाचावा असे मला एकदाही सुचले नव्हते. वरच्या बिऱ्हाडाने काल न्हाणीघरात पाणी साठवू दिले. चोवीस तासांत एक थेंबही उतरला नाही. आज सकाळी बोळा काढला आणि पाच मिनिटांत आमच्याकडे धार लागली. म्हणजे दोष ट्रॅपच्या सांध्यात आहे.

मालकांना पाठवण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे. चुकत असेल तर सांगावे.

"सप्रेम नमस्कार. आपल्या कर्वेनगर येथील सदनिकेत आम्ही १ नोव्हेंबरपासून राहत आहोत. १० जूनपासून न्हाणीघराच्या छतातून गळती होत असून लगतच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. २५ जुलै रोजी वरच्या सदनिकेत पाणी साठवून तपासणी केली असता दोष तेथील नहाणी ट्रॅपच्या सांध्यात असल्याचे दिसून आले. गीझर ६ जुलैपासून बंद आहे. एजंटांना १२ जून, १९ जून, १ जुलै आणि ८ जुलै रोजी कळवले होते. फोटो, चित्रीकरण आणि दोन कारागिरांचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. आपण सोसायटीला आणि वरच्या सदनिकेच्या मालकांना लेखी कळवावे, तसेच गीझरची दुरुस्ती आपल्या संमतीने आम्ही करून घेऊन बिल पाठवावे काय, हे कृपया १५ दिवसांत लेखी कळवावे. भाडे आम्ही नेहमीप्रमाणे ५ तारखेला भरत राहू."

दिवाणी_बाजू (२६ जुलै)

मजकूर चांगला आहे. ईमेलने पाठवाच, शिवाय त्याची छापील प्रत सही करून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. एजंटाला त्याची प्रत द्या, म्हणजे पाठीमागे केले असे कोणी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असे संदेश पुरावा म्हणून मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते.

जुना_स्थापत्य (२६ जुलै)

सोसायटीविषयी एक खुलासा करतो, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ्या, सांडपाण्याच्या मुख्य वाहिन्या आणि गच्चीतून येणारी पावसाची गळती यांचा खर्च सोसायटीचा असतो. एखाद्या सदनिकेच्या आतल्या न्हाणीघरातली गळती ही त्या सदनिकाधारकाची जबाबदारी असते. तुमच्या बाबतीत खर्च वरच्या मालकांचा आहे, तुमच्या मालकांचा नाही आणि सोसायटीचाही नाही. परंतु सोसायटीचे सभासद तुमचे मालक आहेत, त्यामुळे सेक्रेटरी तुमचा अर्ज बाजूला ठेवतील आणि त्यांचा अर्ज ठेवू शकणार नाहीत. पत्रात तुम्ही नेमके हेच मागितले आहे, ते योग्य झाले.

अनामत_गेली (२६ जुलै)

भाडे थांबवण्याचा सल्ला मी मागे घेतो. मात्र पंधरा दिवसांनी काय झाले ते इथे अवश्य लिहावे, कारण असे धागे अर्ध्यावर राहतात आणि पत्राने काम होते की नाही हे कळत नाही.

मुठाकाठ (१७ ऑगस्ट)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व.

ईमेल पाठवल्याच्या चौथ्या दिवशी मालकांचा स्वतःहून फोन आला. एजंटाने त्यांना "किरकोळ ओल आहे, पावसाळा संपला की जाईल" एवढेच सांगितले होते. गीझरला त्यांनी लगेच लेखी संमती दिली. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलून १,६५० रुपये झाले. मिस्त्रीने जुनी कॉइल दाखवली, तिच्यावर बोटभर जाडीचा क्षारांचा थर होता, कारण आमच्याकडे उन्हाळाभर बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी वापरात असते. बिल पाठवल्यावर त्यांनी ते पैसे ऑगस्टच्या भाड्यातून वळते करायला सांगितले, तेही लिहून.

ट्रॅपचे काम सोपे गेले नाही. वरच्या सदनिकेच्या मालकांनी आधी "ही सोसायटीची नळी आहे" असे कळवले. मग आमच्या मालकांनी सोसायटीला पत्र दिले, सेक्रेटरींनी दोन्ही घरांत येऊन पाणी सोडून पाहिले आणि त्यानंतर ते तयार झाले. परवा फरशी उकलून सांधा बदलला. काल आणि आज सकाळी मुलीच्या वहीत शून्य लिहिले आहे.

एजंटाचा फोन अजूनही आलेला नाही. मालकांनी मात्र विचारले आहे की, पुढचा करार आपण दोघांनी थेट करावा का. करारात दुरुस्तीविषयी काय लिहून घ्यावे, एवढे कोणी सुचवले तर बरे होईल.

दिवाणी_बाजू (१७ ऑगस्ट)

तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. ठरावीक रकमेपर्यंतची, समजा १,००० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती तुमची. त्यावरची, तसेच गळती, वीजजोडणी आणि पाण्याच्या नळ्यांची दुरुस्ती मालकांची, लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत. त्या मुदतीत न झाल्यास ती तुम्ही करून बिलासह भाड्यातून वळती करावी. परवानाधारकाला कायदा थेट देत नाही ते करार देऊ शकतो, आणि तो नोंदवलेला असला की त्याला वजनही येते. ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात जादा अटी लिहिण्याची सोय असते. पुणे महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामतीवरच्या काल्पनिक व्याजाची थोडी भर धरून. एजंटाशिवायही हे करता येते.

चावीवाला (१८ ऑगस्ट)

थेट करार करा, मला त्यात गैर वाटत नाही. अशी अट मी माझ्या पुढच्या करारांत मालकांना स्वतःहून सुचवणार आहे.

जुना_स्थापत्य (१८ ऑगस्ट)

सांधा बदलला म्हणून आईंच्या खोलीला लगेच नवा रंग लावू नका. सुटलेले प्लास्टर खरवडून काढा, बुरशी पुसताना नाकातोंडावर कापड बांधा आणि खोलीतला पंखा दिवसभर चालू ठेवा. भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून दोन दिवसांनी पाहा. आतून दव धरले तर ओल अजून आहे असे समजा. पुण्याची हवा ऑक्टोबरमध्ये कोरडी होते, तेव्हा रंग लावावा.

मुठाकाठ (१९ ऑगस्ट)

कागद चिकटवला आहे. रंग दसऱ्यानंतरच लावू, तोवर आईची गादी बाहेरच्या खोलीतच राहील.

मुठाकाठ (२७ सप्टेंबर)

करार परवा नोंदवला, दुरुस्तीच्या तिन्ही अटींसह. मालक गणपतीला पुण्यात आले होते तेव्हा आमच्याकडे आरतीला आले आणि आईच्या खोलीतली भिंत स्वतः हात लावून पाहून गेले. कागदावर परवा पहिल्यांदा दव नव्हते.